तुम्ही विचारलंत म्हणून : मेलेल्या शिपायांचे कोट घरात कशाला?

लग्नाच्या मांडवात, दहाव्याला, चक्कीवर दळणाच्या रांगेत, कुठेही गाठतात. "तुमच्याकडे ते इंग्रजांच्या वेळचे मिलिटरीचे कपडे आहेत ना? कशाला हो गोळा करता?" माणूस बघून मी उत्तर बदलत आलो. मास्तर असेल तर 'इतिहास', व्यापारी असेल तर 'छंद', आणि नात्यातली म्हातारी असेल तर नुसतं हसणं. आमची एक मावशी उंबऱ्यातूनच म्हणायची, "हाई मढास्ना कपडा घरमा कसाले रे भो?" तिला तर काहीच सांगितलं नाही. आता एकदा नीट लिहून ठेवतो. यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

माझ्याकडे काय आहे ते तुम्ही येऊन पाहिलेलं आहे, त्याची यादी देत नाही. काय नाही ते मात्र सांगतो. तलवार नाही, कट्यार नाही, पदकं नाहीत. पदकांना बाजार आहे आणि तलवारींना भिंती. कापडाला दोन्ही नाही. खानदेशात जुन्या कोटाची वाट ठरलेली आहे. दारावर भांडेवाली येते, कोट उलटापालटा करून पाहते, तोंड वाकडं करते आणि एक स्टीलचा डबा देते. फाटका असेल तर चहाची गाळणी.

वडील शिंपी होते. अमळनेरच्या बाजारात आमचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मला काज करायला बसवायचे. त्यामुळे कपडा समोर आला की मी तो आधी उलटा करतो. सरळ बाजू सगळ्यांना दाखवायची असते. आतली शिवण कशी दुमडली, काजाला टाका किती जवळ घातला, खांद्याचा उतार कापताना कापड वाचवलं की नाही, हे आतून कळतं. सरकारी कपड्यात तर आत शिक्काही सापडतो. वर बाणाचं टोक आणि खाली इंग्रजी 'आय', म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. बटणावरचा मुकुट राणीचा की राजाचा यावरून कापड 1901 च्या अलीकडचं की पलीकडचं याचा अंदाज येतो, आणि मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले की 1950 नंतरचं. इतकं बटणावरूनच समजतं. बाकीचं शिवणीवरून.

इथे एक तक्रार करूनच घेतो. ज्यांना मी 'का' हे सांगायला बसतो, त्यातले निम्मे मला काहीतरी विकायलाच आलेले असतात. भिल्ल कोअरचा, म्हणजे कंपनीच्या भिल्ल शिपायांच्या पलटणीचा, कोट म्हणून माझ्यासमोर लग्नाच्या बँडवाल्याचा लाल कोट टाकलेला आहे, जरीच्या पट्ट्यांसकट. वगनाट्यातल्या साहेबाचा कोट आणलेला आहे. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली खाकी तर नेहमीचीच. मी शिवणीतला सुटलेला दोरा ओढून काडी लावतो. सुती दोरा कागदासारखा वास मारतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. पॉलिएस्टर 1941 च्या आधी जगातच नव्हतं, तर ते 1825 च्या पलटणीच्या कोटात कुठून येणार? माणूस तरीही म्हणतो, "आजोबांनी दुरुस्त केला असेल." असेल बाबा. डबा घे आणि जा.

भिल्ल कोअरचा एकही खरा तुकडा माझ्याकडे नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात टोकदार भाग तिथेच येतो. शिरपूरकडच्या एका आदिवासी तरुण शिक्षकाने मला भर कार्यक्रमात विचारलं होतं, "आमच्या लोकांवर बंदुका रोखणाऱ्यांचे कपडे तुम्ही जपता. आमच्यांचे कुठे आहेत?" मी तेव्हा सावरासावर केली. म्हणालो, भिल्ल कोअर 1825 मध्ये कंपनीच्या औट्रम नावाच्या अधिकाऱ्याने उभी केली, ठाणं धरणगावला होतं, आणि त्यातले शिपाई भिल्लच होते. म्हणालो, खुद्द खाज्या नाईक आधी कंपनीच्या नोकरीत होता, सेंधव्याचा घाट राखायचा, बंड नंतर केलं. सगळं खरं. पण त्याने ते विचारलंच नव्हतं.

त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर असं. 11 एप्रिल 1858 ला आंबापाणीच्या डोंगरात जे भिल्ल इंग्रजांशी लढले, त्यांना कोणी कपडे वाटले नव्हते. वाटलेले नाहीत म्हणून शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून नोंद नाही, आणि लंगोटी-धोतर अंगावरच विरून जातं, पेटीत जात नाही. लोकरी कोट पिढ्यानपिढ्या टिकतो, कारण तो मुळातच पलटणीचं सामान म्हणून विणलेला असतो. म्हणजे माझा संग्रह एकतर्फी आहे आणि तो एकतर्फीच राहणार. जे टिकलं ते सरकारचं टिकलं. मी फक्त टिकलेलं उचलू शकतो. हे उत्तर त्याला पटलं असतं असं मला वाटत नाही. मलाही ते रात्री पटतं आणि सकाळी पटत नाही.

सरहद्दीच्या कपड्यांचंही तसंच. वायव्य सरहद्दीवरच्या वझिरीस्तानात, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या इपीच्या फकिरामागे 1936 पासून पलटणी फिरत होत्या, त्या भागातलं एक पोस्तीन माझ्याकडे आहे. मेंढीचं कातडं, लोकर आतल्या बाजूला, वर पिवळ्या रेशमाचं भरतकाम. सरहद्दीच्या थंडीसाठी केलेली वस्तू जळगाव जिल्ह्याच्या पंचेचाळीस डिग्रीत ठेवणं हा छळ आहे, तिचाही आणि माझाही. उन्हाळ्यात कातडं तडकतं, पावसाळ्यात बुरशी धरते आणि कसर बारा महिने टपलेली असते. डांबरगोळ्या मी कपड्याला लागू देत नाही, कडुनिंबाच्या पाल्यावर विश्वास नाही. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळतो आणि महिन्याला एकेक घडी उलगडून घडीची जागा बदलतो. बायकोने या कामाला 'मढी पालथी करणं' असं नाव दिलंय. मावशीचाच वारसा.

आता ज्या कोटाबद्दल तुम्ही खरं तर विचारता, पण नाव घेत नाही, त्याबद्दल.

पारोळा तालुक्यातल्या एका गावातून एक तरुण माझ्याकडे ग्रेटकोट घेऊन आला होता. जाड लोकर, शेवाळी-तपकिरी रंग, पितळी बटणं. बटणांवर सिंह आणि एकशिंगी घोड्याचं राजचिन्ह, म्हणजे सरसकट सगळ्या फौजेला मिळायचं ते. त्यावरून पलटण कळत नाही. खांद्यावरची पितळी अक्षरं गेलेली होती. "पणजोबा बसऱ्याला होते," एवढंच तो म्हणाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या मराठा पलटणी बऱ्याच. 1916 मध्ये कुत इथे तुर्कांना शरण गेलेल्या फौजेत त्या होत्या आणि 1917 मध्ये बगदाद घेतलं त्या मोहिमेतही हिंदुस्थानी शिपाई मोठ्या संख्येने होते. यातला कोणता, ते कोट सांगेना. मी रास्त पैसे दिले. घासाघीस केली नाही, हे लिहिलेलं बरं, कारण नंतर गावात वेगळंच बोललं गेलं.

रात्री कोट उलटा केला. डाव्या काखेत ठिगळ होतं. गावच्या मागावरच्या काळ्या घोंगडीचा तुकडा, लोकरीच्याच दोऱ्याने हाताने लावलेला. टाके मोठे, पण एकाच मापाचे. आणि ते सगळे उलटीकडे कललेले. आपण उजव्या हाताने शिवलं की टाका एका बाजूला झुकतो, हा दुसऱ्या बाजूला. लावणारा डावरा होता. खालची कड चार बोटं कापलेली होती, ती कापतानाही कात्री डाव्या हातात असावी असं वाटत होतं, पण ते मी शपथेवर सांगणार नाही. सरकारने लाखभर कोट एकाच मापात काढले. त्यातला हा एक कोणीतरी आपल्या हाताने वेगळा केला होता. मला जे हवं असतं ते हेच. बाकीचे संग्राहक कोरं, न वापरलेलं शोधतात. माझ्या कपाटात ठिगळं आहेत.

काही महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ आले, ऐंशीच्या पुढचे, टोपी, धोतर, हातात काठी. आणलेलं पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, "मन्हा बापना कोट तुन्हाकडे शे. पोऱ्याच्या पोऱ्यानी माले न इचारता इकी टाका. पैसा लई उनू." आणि गाठीतून नोटा काढायला लागले. मी कोट आणला. त्यांनी तो हुंगला. मग मी विचारलंच, "नाना, तुमचे वडील डावरे होते का?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, हो. ठिगळ त्यांनीच लावलं. शेतात रात्री पाणी भरायला जाताना तोच कोट घालायचे आणि खालच्या कापलेल्या पट्ट्यातून नानांना लहानपणी टोपडं शिवलं होतं.

मी कोट दिला. पैसे घेतले नाहीत. त्याच्या थोडं आधी मी वाचनालयातल्या भाषणात सांगितलं होतं की वस्तू ज्याची, त्याच्याच घरी ती शोभते, आम्ही फक्त राखणदार. टाळ्याही पडल्या होत्या. तेव्हा मला ते अगदी सोपं वाटत होतं.

दोन हिवाळे गेले आणि नाना वारले. निरोप आला म्हणून गेलो. बोरी नदीच्या काठावर चिता रचली होती आणि धाकट्याने कोट आणून त्यांच्या अंगावर पसरला. "नानांची इच्छा होती." मी गर्दीत उभा होतो आणि मला, खरं सांगतो, मेलेल्या माणसाचं दुःख होत नव्हतं. लोकर पटकन पेट घेत नाही. आधी आकसते, काळी होते, केस जळल्यासारखा वास येतो. लाकडं धडधडली तरी कोट बराच वेळ कोटच दिसत होता. ठिगळाची काख उजव्या अंगाला होती की डाव्या, ते मी शोधत होतो. बाजूच्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याला वाटलं मी नानांच्या फार जवळचा. सावडायच्या दिवशीही गेलो. राखेत बटणं असणार हे मला माहीत होतं. अस्थी वेचल्या, राख नदीत सोडली. बटणं मागायला जीभ उचलली नाही.

तेव्हापासून मला तुमचा 'कशाला' हा प्रश्न वेगळाच ऐकू येतो. कोट परत द्यायला नको होता का? वाचनालयात भाषण देणाऱ्या माझ्यातल्या त्या माणसाला मी विचारतो, शोभला ना घरी? तो म्हणतो, शोभलाच, त्याच्या बापाचा कोट त्याच्याबरोबर गेला, तुझं काय गेलं? मी म्हणतो, बसऱ्याला गेलेल्या त्या डावऱ्या माणसाचा एकुलता एक पुरावा गेला. तो म्हणतो, पुरावा कोणासाठी? नानांना तर पुरावा नको होता, कोट हवा होता. यापुढे आमचं भांडण सरकत नाही.

"फोटो तर काढले होते ना?" हे तुम्ही म्हणणारच. काढले होते, सगळ्या बाजूंनी, ठिगळाचेसुद्धा. पण दोऱ्याला पीळ किती होता, लोकर कुठल्या मेंढीची, घामाने काखेतलं कापड किती कडक झालं होतं, हे फोटोत बोटाला लागत नाही. शिंप्याच्या पोराला फोटो दाखवून समजूत घालू नका.

नंतर मी नियम केला की घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची सही असल्याशिवाय काही घ्यायचं नाही. त्यामुळे बऱ्याच वस्तू हातातून गेल्या, काही बहुतेक भांडेवालीकडे गेल्या असतील. परत मागायला आलं तर काय करायचं, याचा नियम मात्र अजून होत नाही. एका बाईला मी नाही म्हटलं आणि ती रडली. एकाला हो म्हटलं आणि त्याने आठ दिवसांत तो अंगोला शर्ट, म्हणजे लोकर-सुताच्या मिश्र कापडाचा फौजी शर्ट, दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला. दोन्ही वेळा मी बरोबरच वागलो असं मला वाटतं, आणि दोन्ही वेळा झोप लागली नाही.

राहिलेल्या किरकोळ प्रश्नांची उत्तरं. घालून बघत नाही. जुन्या शिपायांचे खांदे माझ्यापेक्षा अरुंद, काज फाटतील. परदेशात पाठवत नाही. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंना 1972 चा कायदा लागतो आणि मला त्या भानगडीत पडायचं नाही. पितळ घासत नाही, घासलं की अक्षरं झिजतात. भूत दिसलं नाही. माझ्यामागे काय, तर मुलगा म्हणतो संग्रहालयाला देऊ, आणि ज्या संग्रहालयाला विचारलं ते म्हणाले जागा नाही, तलवारी असतील तर बघू. प्रत्येक घडीत मी चिठ्ठी ठेवली आहे. गाव, घराणं, कोणाच्या हातून आला, ठिगळ कुठे. आणि विकायचे नाहीत. हे सांगावं लागतं, कारण 'कशाला गोळा करता' याच्या पाठोपाठ तुम्ही हमखास 'केवढ्याला जाईल हो' असं विचारता.