ताडोबावाला लडाखला जातो तेव्हा: हिमबिबट्याच्या फोटोचा माझा अनुभव

आम्हा नागपूरकरांना एक वाईट सवय लागलेली असते. पहाटे निघालं की उमरेड-कऱ्हांडला नाहीतर ताडोबाचा गेट, जिप्सी, गाईड, आणि नशीब चांगलं असलं तर वाघ गाडीसमोरून रस्ता ओलांडून जातो, लेन्समध्ये मावत नाही अशी तक्रार करत आपण परत येतो. हिमबिबट्याचं तसं काहीच नाही भाऊ. गेट नाही, ठरलेला रूट नाही, आणि हरणा-माकडांचा धोक्याचा कॉल ऐकून धावायचं म्हटलं तर धावल्यावर श्वासच उरत नाही.

लडाख का, तर 2024 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या मोजणीत भारतभर 718 हिमबिबटे निघाले आणि त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. हिमाचलात 51. स्पितीलाही लोक जातातच, पण मी आकडे बघून लडाख धरलं आणि उल्ले गावाजवळचा कॅम्प निवडला, कारण तिकडे आयबेक्स, म्हणजे ती मोठ्या शिंगांची डोंगरी बकरी, भरपूर. जिथे बकरी तिथे तो. जायचं ते जानेवारी ते मार्च, कारण बर्फामुळे बकऱ्या खाली उतरतात आणि हिमबिबट्यांचा मिलनाचा काळही हाच, म्हणून ते जरा फिरतात, ओरडतात.

ऑपरेटर ठरवताना मी फोटोंपेक्षा प्रश्न जास्त विचारले. स्पॉटर, म्हणजे प्राणी शोधून देणारे, किती, ते त्याच गावचे का, एका ग्रुपमध्ये माणसं किती, ऑक्सिजन सिलिंडर आहे का, रात्री कोणाला त्रास झाला तर लेहला न्यायला गाडी उभी असते का. एकाने फक्त "सायटिंगची गॅरंटी" सांगितली, त्याला तिथेच नमस्कार केला. पैसे लाखात लागतात, लपवून उपयोग नाही.

डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी आधी बीपी बघितला, मग सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी लिहून दिली. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, लेह साडेतीन हजार, विमान सरळ तिथेच नेऊन टाकते, मधे शरीराला काही कळायला वेळच नाही. तयारीला म्हणून सेमिनरी हिल्स चढायचो, घरचे हसायचे. पाय तयार झाले, पण श्वासाचं काही होत नाही त्याने. गोळीने बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं काम नाही. लेहला किमान दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं. आमच्यातला एक पोरगा पहिल्याच दिवशी मार्केट फिरायला गेला आणि रात्रभर डोकं धरून बसला, सकाळी त्याची रवानगी हॉस्पिटलात.

खरी गोष्ट वर गेल्यावर कळली. आपण पैसे देतो ते स्पॉटरच्या डोळ्यांचे. ही गावचीच पोरं, लहानपणी याच डोंगरात बकऱ्या चारलेली. अंधार असतानाच वर जाऊन स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लावून बसतात आणि कडा न् कडा चाळतात, खाली आपल्याला वॉकीटॉकीवर निरोप. बिबट्या शोधत नाहीत ते, आधी आयबेक्स बघतात, सगळा कळप चरणं सोडून एकाच दिशेला बघून राहिला की स्कोप तिकडे फिरवतात. कड्याखालचे दगड वासाने तपासतात, कारण तो तिथे मुतून खूण करून जातो. मी पण वास घेतला, मला थंडीच लागली फक्त.

शेवटी सापडला तेव्हा स्कोपमध्ये बघूनही मला दिसेना. "काळा दगड, त्याच्या डावीकडे" असं तो पोरगा सांगून राहिला आणि तिथे सगळेच दगड काळे. मग शेपटी हलली. एवढी लांब शेपटी की आधी तीच दिसली, बाकीचा प्राणी नंतर. आणि मग तो दिवसभर झोपला आणि आम्ही दिवसभर त्याची झोप बघितली. सहाशे एमएमची लेन्स, वर तिला अजून लांबचं दाखवणारा टेलिकन्व्हर्टर, तरी फ्रेममध्ये पोह्यावरच्या मोहरीएवढा. दुपारी ऊन तापलं की मधली हवा थरथरते आणि फोकस कितीही बरोबर असला तरी फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो, म्हणून काढायचे ते सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर. स्कोपला मोबाईल लावून काढलेला व्हिडिओ माझ्या कॅमेऱ्यापेक्षा बरा आला, हे लिहायला जिवावर येतं.

ग्रुपमधल्या एका काकांनी गाईडला जवळ न्यायचा लय आग्रह केला, टीपचं आमिषही दाखवलं. तो म्हणाला, "जवळ गेलो तर तो शिकार सोडून जाईल, मग आम्हाला काय?" मला हे फार पटलं. आमच्या होमस्टेवाल्या आजोबांनी सांगितलं की पूर्वी बिबट्या गोठ्यात घुसला की एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारायचा आणि लोक त्याला मारायचे. आता गोठ्यांना वरून जाळी आहे आणि हिवाळ्यात आपल्यासारखे लोक पैसे देऊन राहतात.

जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर थंडीत भराभर उतरतात. आणि कॅमेरा बुखारीच्या, म्हणजे तिकडच्या शेगडीच्या, गरम खोलीत आणताना बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करायचा, तासभर उघडायचा नाही, नाहीतर आत दव धरतं. बर्फावर एक्स्पोजर थोडं वाढवायचं, नाहीतर पांढरं राखाडी येते. लेन्स भाड्याने घ्या, विकत नको. धरमपेठेत मित्रांना फोटो दाखवला तर पहिला प्रश्न आला, "यात बिबट्या कुठाय बे?" मी बोट ठेवून दाखवला, तरी दोघांना दिसला नाही.