तुम्ही विचारलंत म्हणून: थेंबातला विषाणू उलटतो का?

पल्स पोलिओचा रविवार जवळ आला की हाच प्रश्न येतो: ‘लसीतलाच विषाणू बदलून पोलिओ करतो असं वाचलं. मग बाळाला थेंब पाजायचे कशाला?’ ‘लस सुरक्षित आहे, काळजी करू नका’ असं सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे. बरीच वर्षं मीही तेच सांगत आलो. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर कुणाचं समाधान का व्हावं? तुम्ही वाचलंत ते खरंच आहे.

थेंबात दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. तो काही आठवडे आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय माहितीचा धागा, सुमारे ७,५०० अक्षरांचा, आणि नकलेतली चूक दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत: टाइप १, २ आणि ३. त्यातल्या टाइप २च्या लसविषाणूचा दुबळेपणा तर मुख्यतः दोनच जागांवर टिकून आहे. त्यातलं ४८१वं अक्षर लस घेतलेल्या बाळाच्या आतड्यातच बघता बघता पूर्ववत होतं. तरी साथ येत नाही, कारण शेजारपाजारच्या मुलांनीही लस घेतलेली असते आणि विषाणूला पुढचं आतडं मिळत नाही.

ते मिळालं की काय होतं, हे कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर दिसलं. अमेरिका खंडातला शेवटचा रानटी (लसीतून न आलेला, नैसर्गिक) पोलिओ १९९१मधला, पेरूतला. आणि २०००-२००१मध्ये या बेटावर पुन्हा मुलं लुळी पडू लागली: डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १३, हैतीत ८, त्यातली दोन दगावली. जनुकक्रम काढला तर विषाणू टाइप १च्या लसीचाच वंशज निघाला. टाइप १च्या व्हीपी१ या कवचाच्या जनुकात ९०६ अक्षरं असतात आणि वर्षाला साधारण १ टक्का, म्हणजे नऊएक अक्षरं बदलतात. त्या हिशेबाने मागे गेल्यावर माग १९९८-९९मध्ये दिलेल्या, बहुधा एकाच डोसपर्यंत पोचला. त्याहून धक्कादायक होता जीनोमचा (त्या अख्ख्या आरएनए धाग्याचा) मागचा भाग. तो पोलिओचा नव्हताच! ‘सी’ प्रजातीच्या दुसऱ्याच कुठल्या तरी एंटेरोव्हायरसचा, म्हणजे पोलिओच्याच कुळातल्या विषाणूचा होता. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की नक्कल करणारं एन्झाइम एक धागा अर्ध्यावर सोडून दुसरा पकडतं. कवचाची जनुकं सहसा पोलिओचीच राहतात, कारण कवचाचे तुकडे एकमेकांत नीट बसावे लागतात. मागच्या भागाला ते बंधन नाही.

त्या वस्त्यांमध्ये लसीकरण होतं ७ ते ४० टक्के. एक सोडून सगळे रुग्ण लस न घेतलेले किंवा डोस अपुरे राहिलेले. आणि साथ आटोक्यात आणली ती याच थेंबांनी.

‘मग सरसकट इंजेक्शनच द्या ना!’ इंजेक्शन लकव्यापासून वाचवतं, पण आतड्यातला प्रसार फारसा रोखत नाही. इस्रायलमध्ये इंजेक्शनचं लसीकरण उत्तम होतं, तरी २०१३मध्ये रानटी टाइप १ सांडपाण्यात महिनोन्‌महिने सापडत राहिला. लकवा एकालाही झाला नाही, पण विषाणू फिरत होता. म्हणून आपल्याकडे दोन्ही देतात: थेंब जन्मतः, ६, १० आणि १४ आठवड्यांना, आणि त्वचेत ०.१ मिलीचं इंजेक्शन ६ व १४ आठवड्यांना आणि ९व्या महिन्यात. ही इंजेक्शनं चुकवू नका. आताच्या थेंबांत टाइप २ नाही, त्याच्यापासूनचं संरक्षण यांतूनच मिळतं.

टाइप २ काढला एप्रिल २०१६मध्ये, जगभर एकदम. रानटी टाइप २ १९९९नंतर कुठेच दिसला नव्हता, त्यामुळे निर्णय पटण्यासारखा होता. मलाही पटला होता. पण लसीकरण कमी असलेल्या भागांत लसीचा टाइप २ फिरतच राहिला, नवी बाळं त्याला उघडी पडली आणि आफ्रिकेत साथी वाढल्या. त्या विझवायला पुन्हा टाइप २चेच थेंब द्यावे लागले आणि त्यातून काही ठिकाणी नव्या साथी पेटल्या. निर्णय चुकला, की तयारी अपुरी पडली? आमच्यात यावर अजून एकमत नाही.

मार्च २०२१पासून वापरात असलेल्या टाइप २च्या नव्या लसीत दुबळेपणाची जागा जास्त पक्की केली आहे. तरी २०२३मध्ये बुरुंडी आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकात तिच्यापासूनही फिरता, म्हणजे माणसामाणसांत पसरत राहणारा विषाणू तयार झालाच. जुन्यापेक्षा ती खूपच कमी वेळा उलटते, म्हणून टाइप २च्या साथीत आज तीच वापरतात.