हे तर आमच्याच घरातलं

तीन-चार पिढ्यांची कादंबरी वाचून संपली की वाचकाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: हे तर आमच्याच घरातलं! कादंबरीतलं घराणं धान्याच्या व्यापारातलं असो की सरदारांचं, आणि वाचक दोन खोल्यांत वाढलेला असो, वाक्य तेच. लेखकाला ते ऐकून बरं वाटतं आणि समीक्षकाला वैताग येतो. भाषा कशी आहे, काळ कसा उभा केलाय, रचना कुठे सैल पडलीय, यांतलं काहीच त्या वाक्यात नसतं. तरी ते वाया जाऊ देऊ नये. लगेच पुढचा प्रश्न विचारावा, ‘तुमच्या घरातलं म्हणजे नेमकं कोण?’ आणि मग गप्प बसून ऐकावं.

उत्तरात जे पात्र येतं, ते गंमत म्हणजे वाचकाच्या स्वतःच्या पिढीचं क्वचितच असतं. विशीतला वाचक आजीवर फिदा असतो आणि बापावर चिडलेला. चाळिशी ओलांडलेल्याला त्याच बापाच्या गप्प बसण्यामागची कारणं दिसू लागतात. सत्तरीतल्या वाचकाला वाटतं की लेखकाने नातवंडांचे फार लाड केलेत. पुस्तक एकच, पानं तीच, तरी प्रत्येकाने आपली पाटी त्या घराच्या वेगवेगळ्या दारावर लावलेली असते. म्हणून अशा कादंबरीवरचे दहा अभिप्राय एकमेकांना छेद देऊनही खरे असू शकतात. अभिप्राय देणारा घराच्या कोणत्या खोलीतून बोलतोय हे कळलं, की बहुतेक भांडणं मिटतात. निदान भांडण कशाबद्दल आहे ते तरी कळतं.

लेखकांनाही हे ठाऊक असतं. जॉन गॉल्सवर्दी यांची ‘द मॅन ऑफ प्रॉपर्टी’ 1906 साली आली. तिच्यातला सोम्स फोर्साइट बायकोलाही मालमत्तेच्या यादीत धरणारा माणूस. पुढचे भाग येत गेले आणि 1922 साली सगळं ‘द फोर्साइट सागा’ म्हणून एकत्र निघालं, तेव्हा प्रस्तावनेत गॉल्सवर्दींनी वाचकांची एक गंमत नोंदवली. वाचक जसजसे पुढे जातात, तसतशी त्यांना सोम्सची कीव येऊ लागते, आणि आपण लेखकाच्या मर्जीविरुद्ध बंड करतोय असं त्यांना वाटतं. गॉल्सवर्दी म्हणतात, छे, कीव मलाही येते. त्याच प्रस्तावनेत ते हेही सांगतात की सोम्सची बायको आयरीन कधीच थेट समोर येत नाही, ती दिसते ती इतर पात्रांच्या नजरेतून. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बरंच काही उलगडतं. ज्या पात्राचं मन शेकडो पानं उघडं असतं, त्याचे दोष वाचक माफ करत जातो. जिचं मन लेखकाने मुद्दाम झाकून ठेवलं, तिच्याबद्दल वाचकांत एकमत होत नाही. एकाला ती सोसणारी वाटते, दुसऱ्याला थंड, तिसऱ्याला कारस्थानी. तेव्हा अभिप्रायात एखाद्या पात्राविषयी टोकाची मतं दिसली, तर ते पात्र किती वेळा स्वतः बोललंय हे आधी मोजावं. कित्येकदा वादाचं मूळ तिथेच सापडतं.

तक्रारींमध्ये सगळ्यांत जुनी तक्रार हरवलेल्या माणसांची. ‘धाकटीचं पुढे काय झालं? लग्न होऊन गेली ती परत आलीच नाही.’ वाचक रागावतो, कारण त्याला ती आवडलेली असते. पण एकदा हिशोब मांडून बघावा. पहिल्या पिढीत एक जोडपं. त्यांना चार मुलं, चौघांची लग्नं झाली की दुसऱ्या पिढीत आठ माणसं. प्रत्येक जोडप्याला तीन मुलं धरली तर तिसऱ्या पिढीत बारा, जोडीदार धरून चोवीस. त्यांना दोन-दोन मुलं झाली की चौथ्या पिढीत आणखी चोवीस. एकूण अठ्ठावन्न. शेजारी, नोकर, डॉक्टर आणि वकील अजून आलेच नाहीत. एवढी माणसं कोणी नीट सांभाळू शकत नाही, म्हणून लेखक फांद्या छाटतो. एकाला अविवाहित ठेवतो, एकाला परदेशी पाठवतो, एकाला तापात घालवतो. धाकटी गेली ती या छाटणीत. चुकतं कुठे, तर छाटणीपूर्वी तिला तीस पानं दिलेली असतात आणि जाताना एक ओळसुद्धा मिळत नाही. ज्याला जितकी जागा दिली, त्याचा निरोपही त्या मानाने असावा. तीस पानांच्या माणसाला किमान एक परिच्छेद तरी.

दुसरी तक्रार पेन्सिल घेऊन वाचणाऱ्यांची. हे लोक समासात वयं मांडतात आणि लेखकाला पकडतात. ‘मामा भाच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान दाखवलाय, हे कसं?’ कसं ते सोपं आहे. आईला पहिली मुलगी अठराव्या वर्षी झाली. त्या मुलीला अठराव्या वर्षी मुलगा झाला, तेव्हा आई छत्तीसची. बेचाळिसाव्या वर्षी आईला शेवटचा मुलगा झाला. तो या भाच्याचा मामा, आणि सहा वर्षांनी लहान. मोठ्या कुटुंबांत हे सर्रास घडायचं. वाचक आजच्या लग्नाची वयं मनात धरून मागचा हिशोब तपासतो, म्हणून त्याला चूक दिसते. आणखी एक पेच आहे. मुलींच्या बाजूने वंश मोजला आणि पिढीला वीस वर्षं धरली, तर तीन पायऱ्यांना साठ वर्षं होतात. मुलांच्या बाजूने तीस धरली तर नव्वद. म्हणजे एकाच पणजीच्या दोन पणतवंडांत तीस वर्षांचं अंतर सहज पडतं. एक पणतू लढाईवर जातो तेव्हा त्याच पणजीची दुसरी पणती जन्मलेलीही नसते. पेन्सिलवाल्यांची थट्टा मी करणार नाही. खऱ्या चुका तेच शोधून देतात. दोनदा मेलेला काका, नऊ महिन्यांच्या जागी चौदा महिने चाललेलं गरोदरपण असल्या गोष्टी त्यांच्याच नजरेला पडतात. फक्त चूक म्हणण्याआधी आईचं वय मांडावं, एवढंच.

नावांचा गोंधळ वेगळा. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ 1967 साली स्पॅनिशमध्ये निघाली. तिच्यात आउरेलियानो आणि होसे आर्कादियो ही नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, एका कर्नलला तर आउरेलियानो नावाचे सतरा मुलगे. 1970 च्या इंग्रजी अनुवादाच्या सुरुवातीला वंशवृक्ष छापला गेला आणि तेव्हापासून असंख्य वाचकांनी ती कादंबरी एक बोट त्या पानात अडकवून वाचली. ही सोय आहे खरी, पण तिची किंमत द्यावी लागते. त्या पुस्तकात घोळ होणं हाच अनुभव आहे. तीच माणसं तेच दोष घेऊन पुन्हा येतात हे वाचकाला जाणवायचं असेल, तर तो थोडा हरवायला हवा. शिवाय वंशवृक्ष चुगलखोर असतो. एखाद्या नावाखाली रेघच नसली, तर हा मूल नसताना मरणार किंवा निघून जाणार हे पान तीनवरच कळतं. नावापुढे मृत्यूची सालं छापली असतील तर संपलंच. पुढची चारशे पानं वाचक त्या बिचाऱ्याचा पहिला खोकला ऐकायला कान टवकारून बसतो. वंशवृक्ष द्यायचाच तर सालं गाळून द्यावा, आणि जमल्यास प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तिथवरचाच द्यावा.

‘मधली शंभर पानं कमी चालली असती’ हे वाक्यही नेहमीचं. जर्मन लेखक टोमास मान यांच्या ‘बुडेनब्रूक्स’ या व्यापारी घराण्याच्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून प्रकाशक सॅम्युएल फिशर यांनी ते निम्मं करायला सुचवलं होतं. मान यांनी नकार दिला आणि 1901 साली ती दोन खंडांत पूर्ण निघाली. 1929 चं नोबेल मिळालं तेव्हा मानपत्रात मुख्यतः याच कादंबरीचा उल्लेख होता. म्हणजे लांबी नेहमी माफ असते असं नाही. पण या प्रकारच्या कादंबरीत मधला भाग का रेंगाळतो ते समजून घ्यावं. पहिली पिढी काहीतरी उभं करते, शेवटची ते विकते किंवा सोडून जाते, दोन्हींत घटना आहेत. मधल्या पिढीला नुसतं चालवायचं असतं. खर्च भागवणं, आजारपणं काढणं, भावाचं कर्ज झाकणं, यांत नाट्य कमी. मधली पानं कंटाळवाणी म्हणणारे वाचक सहसा तरुण असतात. तीच पानं ज्यांना सगळ्यांत खरी वाटतात, ते त्या वेळी स्वतः ‘चालवत’ असतात. मला विचाराल तर अशा कादंबरीचा कस मध्येच लागतो. सुरुवात आणि शेवट कोणालाही जमतो.

‘बुडेनब्रूक्स’च्या वाचकांत एक वेगळाच गट होता, स्वतः पुस्तकात सापडलेल्यांचा. मान यांच्या ल्युबेक गावात कोणतं पात्र म्हणजे कोण, याच्या याद्या फिरल्या. ख्रिस्टियान हे पात्र ज्यांच्यावर बेतलं होतं ते काका, फ्रीडरिश मान, यांनी तर कादंबरी आल्यावर बारा वर्षांनी, 1913 साली, गावच्या वर्तमानपत्रात पुतण्याविरुद्ध जाहिरात दिली. साहित्याच्या इतिहासातला हा बहुधा सगळ्यांत प्रामाणिक अभिप्राय असावा. बाकीचे ‘आमच्याच घरातलं’ म्हणून खूश होतात, यांचं खरोखरच घर होतं. आणि त्याच कादंबरीतला तो छोटा हान्नो, घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ ओढून ठेवणारा. बाप खडसावतो तेव्हा म्हणतो की मला वाटलं, यापुढे काही येणार नाही. फार न बोलणारे वाचकही या प्रसंगाबद्दल बोलतात, आणि बापाची बाजू घेणारे त्यांत थोडे नसतात.

चार जणांनी मिळून अशी कादंबरी वाचायची असेल, तर सहाशे पानांचे दोनशे-दोनशेचे तुकडे पाडू नयेत. पिढी जिथे संपते तिथे थांबावं, मग एक तुकडा दीडशेचा आणि दुसरा अडीचशेचा झाला तरी चालेल. मध्येच तोडलं की लोक अर्ध्या माणसाबद्दल निकाल देतात आणि पुढच्या बैठकीला तो निकाल बदलायला लाजतात. पहिल्या दहा मिनिटांत चर्चा कादंबरी सोडून प्रत्येकाच्या घरी जाणार, हे गृहीत धरावं. अडवू नये. दहा मिनिटांनी कोणीतरी शांतपणे विचारावं, ‘हे कुठल्या पानावर आहे?’ एवढ्याने मंडळी परत येतात. लेखी अभिप्राय द्यायचा असेल तर कथानक तीन-चार ओळींत उरकावं, एक पात्र निवडावं आणि त्याच्याबद्दलचं मत कुठे बदललं तो प्रसंग सांगावा. मत कुठेच बदललं नसेल तर तेही लिहावं, कारण मग एक तर लेखक कमी पडलाय किंवा वाचकाने आधीच ठरवून ठेवलं होतं. वाटणीच्या प्रकरणावर मात्र वेगळा वेळ ठेवावाच लागतो. घर कोणाला मिळालं आणि कोणी सही करायला नकार दिला, यावर शांत माणसंही आवाज चढवतात.

काही वाचकांचा अभिप्राय कागदावर येतच नाही, ते थेट कामाला लागतात. अमेरिकी लेखक अलेक्स हेली यांचं ‘रूट्स’, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजापासून आपल्या घराण्याची कहाणी सांगणारं पुस्तक, 1976 साली आलं आणि 1977 च्या जानेवारीत त्यावरची मालिका दाखवली गेली, त्यानंतर अमेरिकेत वंशावळ शोधणाऱ्यांची लाटच आली. लोक राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या जनगणनेच्या नोंदी मागू लागले. पुढे त्या पुस्तकातल्या संशोधनावर आक्षेप घेतले गेले आणि उचललेल्या मजकुराचा दावाही हेलींना 1978 साली तडजोडीने मिटवावा लागला, पण वाचकांनी सुरू केलेला शोध त्याने थांबला नाही.

कादंबरी मिटून घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायला बसणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक चुकतो. ते साल विचारतात. म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, मग तो ओशाळतो आणि विषय बंद होतो. त्याऐवजी, तेव्हा घरात कोण कोण होतं, कोण पाळण्यात होतं, कोणाचं लग्न व्हायचं होतं, असं विचारलं तर साल आपोआप दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात येतं. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी सांगितली आणि कधी सांगितली, हे लिहावं. दोघांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला तर दोन्ही लिहावेत, जुळवू नयेत. आणि कागद आडवा घ्यावा. उभ्या कागदावर तिसऱ्या पिढीपर्यंतच जागा पुरते, चौथी मग पाठीमागे जाते.