क्रूसोचं मडकं: तिसरी भट्टी

क्रूसोसारखी मडकी हाताने घडवून भाजायच्या प्रयोगातली ही तिसरी भट्टी. सातपैकी चार मडकी अखंड निघाली. अट पहिल्यापासून तीच: चाक नाही, विकतची माती नाही. १७१९ च्या कादंबरीत निर्जन बेटावर अडकलेला रॉबिन्सन क्रूसो दोन महिने खपतो तेव्हा कुठे दोन ओबडधोबड रांजण उभे राहतात, तेही फक्त उन्हात वाळवलेले.

सांगलीत खरी परीक्षा मातीची. शेतातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण वाळताना इतकी आकसते की भट्टीआधीच भेगा पडतात. कृष्णाकाठचा गाळ त्यापेक्षा बरा. तोही पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचाच. चुनखडीचा ज्वारीएवढा खडा राहिला तरी भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, आणि पुढे आठवड्याभरात हवेतल्या ओलीने फुलून टवका उडवतो. दुसऱ्या भट्टीतली दोन मडकी अशीच गेली. काढली तेव्हा ठणठणीत वाजत होती.

मिश्रण: चार वाट्या गाळ, एक वाटी बारीक वाळू, अर्धी वाटी चाळलेली लीद. करंगळीएवढ्या वळ्या एकावर एक ठेवून आतून-बाहेरून अंगठ्याने दाबायच्या. पहिले तीन दिवस काठावर ओलं फडकं, कारण काठ आधी वाळतो, बूड मागे राहतं आणि मधे चीर जाते. मग सावलीत आठवडाभर.

भट्टीत पहिले दोन तास नुसती धग. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ मडकं फोडते. मग शेणी आणि लाकूड. उसाचं पाचट सुरुवातीला नकोच. ते भडकतं आणि विझतं.

क्रूसो लालभडक मडकी पाच-सहा तास तशीच ठेवतो, मग रात्रभर जागून आच उतरवतो. हे सोळा आणे खरं. पण त्याच आचेत वाळू वितळून झिलई आली, हे मात्र पटत नाही. उघडी भट्टी ८००-९०० अंशांपर्यंत जाते. शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० लागतात. मातीतल्या लोह-चुन्याने आकडा उतरतो, तरी हजाराच्या वरच राहतो.

म्हणून ही मडकी पाझरतात. उपाय भाताची पेज: मडक्यातच मंद शिजवून रात्रभर ठेवली की छिद्रं बुजतात. भात क्रूसोकडेही पिकत होता!

तडकलेली तिन्ही सपाट बुडाची होती, चीर बरोबर बुडाच्या कोपऱ्यात. चौथ्या भट्टीला सगळी गोल बुडाची.