मग एवढा महाग का?

"बाजारात दीडशेला मिळतो तसा मग तुमच्याकडे साडेआठशेला का?" हा प्रश्न मातीचे मग घडवून ऑनलाइन विकणाऱ्या आम्हा दोघांना आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी खोचकपणे, बहुतेकदा सरळ कुतूहलाने. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, तो नुकतंच कुंभाराचं चाक शिकलेल्यांचा: "आम्हालाही ऑनलाइन विकायचंय, किंमत कशी लावायची?" दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे. तुम्ही विचारलंत म्हणून तो एकदाचा मांडतो. "कलेची किंमत करता येत नाही" असलं काही आम्ही म्हणत नाही. करता येते आणि करावीच लागते, नाहीतर पुढच्या भट्टीला माती आणायला पैसे उरत नाहीत.

आधी त्या दीडशेच्या मगाबद्दल. तो बहुधा उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा असतो. प्लास्टरच्या साच्यात केलेला, मोठ्या भट्टीत शेकड्यांनी भाजलेला, ट्रकने आलेला. तो वाईट नसतो. चहा त्यातही गरम राहतो. आमचा मग त्याच्याशी किमतीत बरोबरी करूच शकत नाही, आणि त्याचं कारण माती नाही.

आमच्या नेहमीच्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीच्या) मगाला कानासकट ४८० ग्रॅम ओली माती लागते. दोनदा भाजून झाल्यावर त्याचं वजन ३२० ग्रॅम भरतं. मधली थोडी माती बूड तासताना गेली, बाकी बहुतेक पाणी. काही वाळताना उडालं, काही मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं होतं, ते ५०० अंशांच्या आसपास सुटलं. आकारही १२ टक्के आटतो, म्हणजे तयार मग ९ सेंमी उंच हवा असेल तर चाकावर तो १०.२ सेंमी काढायचा. किलोला ४० रुपये धरले तर या मातीचे झाले १९ रुपये. ग्लेझचे, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचे, १२. विजेचं ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पहिलं भाजणं साधारण १००० अंशांना, दुसरं कोन ६ ला (भट्टीची उष्णता मोजणाऱ्या सुळक्यांच्या मापात सहा), म्हणजे १२२० च्या थोडं वर. आमच्या भट्टीत दोन्हींचे मिळून ८५ युनिट जातात. युनिटला ११ रुपये धरले तरी एका मगाला सव्वीसच पडतात, कारण ग्लेझच्या भाजणीत एका फळीवर १२ असे तीन मजल्यांत ३६ मग मावतात. भट्टीच्या तारा थकतात, फळ्या वाकतात, त्याचे २० धरा. झाले ७७ रुपये. इथपर्यंत तरी खुर्जाच्या मगाला भ्यायचं कारण नाही.

खरी गोष्ट पुढे सुरू होते. त्या ३६ मगांतले फोटो काढून विकण्याजोगे निघतात ३०. बाकीचे सहा कुठे जातात हे नव्या मंडळींनी नीट पाहावं, कारण किंमत ठरवताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिला बळी बुडाचा. आतून इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. चाकावर मग उघडल्यावर बुडाची माती बोटांनी किंवा फळकुटाने मध्याकडे दाबून घट्ट केली नाही, किंवा तळाशी पाण्याचं डबकं तसंच ठेवलं, की ही चीर वाळताना नाहीतर भाजताना उघडते. स्पंजने पाणी टिपायला पाच सेकंद लागतात.

दुसरा कानाचा. कान ओढून लावतो तेव्हा तो मगापेक्षा ओला असतो. ओला भाग जास्त आटतो, कोरडा कमी. ओढाताण जोडावर येते आणि तिथे केसाएवढी चीर दिसू लागते. कधी ती पहिल्या भाजणीत दिसत नाही, ग्लेझनंतर दिसते. उपाय धीराचा आहे. मग चामड्याइतका घट्ट झाला की जोडाच्या दोन्ही जागा खरवडायच्या, पातळ चिखल लावायचा, कान दाबून बसवायचा आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस झाकून ठेवायचा. दोघांचा ओलावा एकसारखा झाला की मगच पिशवी थोडी थोडी उघडायची. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटावर हेच काम आठ-दहा दिवस चालतं. पंख्याखाली ठेवून घाई केली की काठ आधी वाळतो, बूड मागे राहतं आणि तडा ठरलेला.

तिसरं संकट ग्लेझचं, आणि ते आमच्या मते निम्मं वजनकाट्याचं काम आहे. ग्लेझ किती पातळ आहे हे बोट बुडवून ठरवायचं नसतं. १०० मि.ली. ग्लेझचं वजन करा. आमच्या पांढऱ्याला १४५ ग्रॅम हवं. मगाला त्यात तीन सेकंद बुडवायचं. १५५ भरलं आणि तरी तीन सेकंद धरलं, तर थर जाड होऊन ग्लेझ ओघळतं आणि मग फळीला चिकटतो. मग आणि फळी दोन्ही वाया. म्हणून बुडाजवळची सहा मिलिमीटर कड कोरी ठेवायची आणि फळीला अॅल्युमिना-केओलिनचा (भट्टीत न वितळणाऱ्या पांढऱ्या भुकट्यांचा) लेप द्यायचा. उलट पहिली भाजणी घाईत उरकली तर मातीतला सेंद्रिय कचरा पुरता जळत नाही. त्याचा वायू दुसऱ्या भाजणीत ग्लेझमधून वर येतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

भट्टी ऊबदार असताना उघडण्याचा मोह मोठा असतो. आम्ही ठरवून टाकलंय, १०० अंशांच्या वर झाकण उघडायचं नाही. ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ आपलं रूप बदलतो, एकदम आकसतो. त्या टप्प्यात भट्टी सावकाश थंड व्हायला हवी, नाहीतर भांडं उभं चिरतं.

बाहेर आलेला प्रत्येक मग सुंदर दिसला म्हणून विकाऊ होत नाही. प्रत्येक नव्या ग्लेझचा एक मग आम्ही फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून त्यात उकळतं पाणी ओततो, असं तीनदा. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसत असेल तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उठतात. त्या रेषांत चहा मुरतो आणि महिन्याभरात मग कळकट दिसू लागतो. दुसरी चाचणी लिंबाची. आत अर्धं लिंबू पिळून, वर चकती ठेवून रात्रभर झाकायचं. सकाळी धुतल्यावर तिथला रंग फिकट किंवा चमक गेलेली दिसली, तर ते ग्लेझ मगाच्या आत चालणार नाही. तांब्याची हिरवी ग्लेझं इथे बऱ्याचदा नापास होतात. आपल्याकडे ताक, सोलकढी, कोकम सरबत याच मगातून प्यायलं जातं, तेव्हा ही चाचणी ऐच्छिक नाही. तिसरी पाणी शोषण्याची. कोरडा मग ३२० ग्रॅम. दोन तास उकळून, रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा काट्यावर. ३२४ भरला तर शोषण सव्वा टक्का, उत्तम. ३३० भरला तर तीन टक्क्यांच्या वर, म्हणजे भट्टी कमी पडली. असा मग मायक्रोवेव्हमध्ये चहापेक्षा स्वतःच जास्त तापेल.

आता मजुरी. चाकावर काढणं, तासणं, कान, ग्लेझ, बूड घासणं मिळून एका मगाला अर्धा तास जातो. तासाला ३०० रुपये धरले तर १५०. आधीचे ७७ मिळवून २२७. हे ३६ मगांना पडले, विकायला मिळाले ३०, म्हणून २२७ गुणिले ३६ भागिले ३०, म्हणजे २७२. नवे लोक ही शेवटची पायरी गाळतात.

जोडीने काम करणारे आणखी एक पायरी गाळतात. एकाच्या हाताला माती असते आणि दुसऱ्याच्या हातात फोन. फोटो काढणं, मापं लिहिणं, "कितीला?" ला उत्तर देणं, खोकं बांधणं, कुरियरवाल्याची वाट पाहणं, यात एका मगामागे वीस मिनिटं जातात. ती "घरचीच" म्हणून हिशेबात धरली जात नाहीत. ती धरा, दोघांना एकच दर लावून धरा. त्याचे १०० झाले. पाँडिचेरीला १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दांपत्याने गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे डेबोरा भांड्यांचं उत्पादन सांभाळत आणि रे विद्यार्थी घडवत. दोन्ही कामं कामंच होती. घरात कोणाचं काम "खरं" यावरून होणारी निम्मी भांडणं हा दर कागदावर लिहिल्याने मिटतात, उरलेली निम्मी मिटत नाहीत.

आणि मग येतं खोकं. मातीला १९ रुपये देणारे आम्ही हवेला दीडशे देतो, ते असे.

मग कानासकट साडेअकरा सेंमी रुंद. कानाच्या पोकळीत कागदाची गुंडाळी, मगाच्या आत चुरगळलेला कागद, बाहेरून मधाच्या पोळ्यासारख्या कागदाचे दोन वेढे. तो जातो १३ बाय १० बाय साडेदहाच्या तीनपदरी खोक्यात. ते खोकं पाचपदरी मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी निदान तीन सेंमी भरण ठेवून. बाहेरचं माप २० बाय २० बाय १८. काट्यावर हे सगळं ७०० ग्रॅमच्या आसपास. पण कुरियर वजन आणि जागा यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेते, आणि इथे जागा जास्त भरते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं: ७२०० भागिले ५००० म्हणजे १.४४ किलो. दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो, म्हणून बिल दीड किलोचं.

आता भरण जरा जास्त कोंबलं आणि झाकण एक सेंमी वर फुगलं, तर २० बाय २० बाय १९, म्हणजे १.५२. बिल दोन किलोचं. एका सेंटिमीटरचे चाळीस-पन्नास रुपये. म्हणून बंद केल्यावर खोक्यावर पट्टी आडवी ठेवून पाहायची, खालून उजेड दिसता कामा नये. मोजपट्टी लावलेला फोटो काढून ठेवायचा, कारण कुरियरच्या गोदामातलं यंत्र वेगळं माप दाखवू शकतं आणि मग तक्रारीला तोच पुरावा. चिकटपट्टी वर-खाली दोन्हीकडे, मधली फट आणि दोन्ही कडा धरून. पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा पितो आणि मऊ पडतो. त्यावर दुसरी खोकी रचली की तो दबतो. जून ते सप्टेंबर आतलं खोकं प्लास्टिकच्या पिशवीत जातं, हे पर्यावरणाला धरून नाही हे मान्य आहे.

पॅकिंग पास झालं की नाही ते कंबरेच्या उंचीवरून टाकून पाहायचं, सहाही बाजूंवर आणि एकदा कोपऱ्यावर. बिनधास्त टाका, त्यासाठी ते सहा नापास मग आहेत. "फ्रॅजाइल" चा स्टिकर आम्ही लावतो, त्यावर विश्वास ठेवत नाही.

खोकं आणि भरण ६५, कुरियर १५०, ऑनलाइन पैसे घेण्याचे दोन टक्के अधिक त्यावरचा जीएसटी असे २०. एवढं करून चाळीसात एक फुटतोच, त्याची भरपाई प्रत्येक मगावर २०. एकूण ६२७. उरले २२३. त्यात जागेचं भाडं, बिघडलेल्या ग्लेझच्या चाचण्या, भट्टीची दुरुस्ती, आयकर. मोठ्या विक्रीमंचावरून विकलं तर याच २२३ मधून कमिशन जातं. शिवाय जीएसटीच्या नियमाने विक्रीच्या अर्धा टक्का टीसीएस (विक्रीमंचाने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला जातो. तो बुडत नाही, आपल्या जीएसटीच्या खात्यात जमा होतो, पण तोवर अडकतो.

फोटोंबद्दल थोडक्यात. उत्तरेच्या खिडकीजवळ, दिवे बंद करून, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा. कागद निळसर दिसला तर ग्लेझही खोटं दिसतंय. "फोटोतलाच नग मिळेल" की "असाच नग मिळेल" हे पहिल्या ओळीत लिहा. क्षमता काठोकाठ २८० मि.ली. आणि पिण्याजोगी २४० अशी दोन्ही द्या. कटिंगची सवय असलेल्या माणसाला एवढ्या मगात चहा ओतून पाहिल्यावर तो अर्धा रिकामा वाटतो, आणि नग परत येतो.

खोक्याचा आणि कुरियरचा हा खर्च पाहून एकच मग मागवणाऱ्याला आम्हीच उलट विचारतो, बहीण, शेजारीण, ऑफिसातलं कुणी घेणार आहे का? दोन मगांचं खोकं २७ बाय २० बाय १८ चं होतं, १.९४ किलो, म्हणजे दोन किलोच्या टप्प्यात बसतं. कुरियर ३०० ऐवजी १९०, खोकं १३० ऐवजी ९५. वाचलेले १४५ आम्ही ठेवत नाही. दोन मग १५५५ ला जातात, फक्त पत्ता एकच द्यायचा.