प्लाचीमाडाच्या विहिरी आणि कोका-कोलाचा हिशेब

मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत भागधारक, ग्राहक, पुरवठादार आणि स्थानिक समाज हे सगळे 'हितसंबंधी' म्हणून एकाच रांगेत बसवलेले असतात. प्रत्यक्षात त्या रांगेत कोणाचे ऐकले जाते, हे पाहायचे असेल तर केरळातील प्लाचीमाडाचे प्रकरण वाचावे.

पालक्काड जिल्ह्यातील पेरुमाट्टी ग्रामपंचायतीच्या परवान्याने २००० साली कोका-कोलाच्या भारतीय उपकंपनीचा कारखाना येथे सुरू झाला. काही काळातच आसपासच्या आदिवासी वस्त्यांतून तक्रारी येऊ लागल्या: विहिरींची पातळी खाली गेली, उरलेले पाणी कडवट लागते, अंघोळ केली की अंगाला खाज सुटते. पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना लांबवर पायपीट करावी लागू लागली. एप्रिल २००२ मध्ये कारखान्याच्या दारासमोर धरणे सुरू झाले आणि मयिलम्मा ही आदिवासी स्त्री त्याचा चेहरा बनली.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती गाळाची गोष्ट. कारखान्यातून निघणारा गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात असे. २००३ साली बीबीसीने केलेल्या तपासणीत त्यात कॅडमियम आणि शिसे आढळले. शेजाऱ्यांशी सलोखा आणि कचऱ्याची विल्हेवाट, दोन्ही एकाच खेपेत!

कंपनीने जबाबदारी नाकारली आणि टंचाईचे खापर अपुऱ्या पावसावर फोडले. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, कारण ज्या केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने डिसेंबर २००३ मध्ये भूजल ही सार्वजनिक ठेव असल्याचे सांगून अतिरिक्त उपसा रोखला, त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २००५ साली दररोज पाच लाख लिटरपर्यंत उपसा करण्यास मुभा दिली. पण न्यायालयात टिकणारा उपसा शेजाऱ्यांच्या दृष्टीने न्याय्य असतोच असे नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

पुढे २००७ साली कंपनीने पेयांत वापरले तेवढे पाणी निसर्गाला आणि समाजाला परत करण्याचे जागतिक उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्ट चांगलेच आहे. मात्र भूजलाचा हिशेब जागतिक बेरजेत मांडता येत नाही. एका खोऱ्यात जिरवलेल्या पाण्याने दुसऱ्या खोऱ्यातली विहीर भरत नाही, आणि ज्याची विहीर आटली त्याला ताळेबंद जुळल्याचे काय सुख?

कारखाना २००४ मध्येच बंद पडला होता आणि तो पुन्हा सुरू करण्याचा विचार नसल्याचे कंपनीने २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. दरम्यान राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने २०१० साली नुकसानीचा अंदाज २१६ कोटी रुपयांच्या पुढे काढला होता. भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमण्याचे विधेयक २०११ मध्ये केरळ विधानसभेने मंजूरही केले. परंतु राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा होऊ शकला नाही.