वन्यप्राण्यांसाठी तीन दाबा

"वन्यप्राण्यांसाठी तीन दाबा." त्या शनिवारी हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. तीन दाबलं की थोडा वेळ रिंग वाजायची आणि मग तीच बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू.

झालं असं, की मी मागच्या अंगणातलं गवत कापत होते (आम्ही अमेरिकेत राहतो) आणि मोवरच्या पुढ्यात वाळक्या गवताचा एक पुंजका हलला. मोवर बंद करून तो बाजूला केला, तर खाली वाटीएवढा खळगा. त्यात राखाडी केसांचा थर आणि त्याखाली एकमेकांत गुंतलेली सशाची पाच पिल्लं. डोळे मिटलेले, कान पाठीला चिकटलेले. इथला कॉटनटेल ससा असाच. मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून खळग्यात अंथरते. आपल्याकडच्या रानातल्या सशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, त्यामुळे ही गुलाबी-करडी, आंधळी पोरं बघून मला ती मरायलाच टेकली आहेत असं वाटलं. त्यात आई कुठेच दिसेना.

घाबरून मी माझ्या आईला व्हिडिओ कॉल केला. "अगं, भुकेली असतील. कापसाच्या बोळ्यानं दूध पाज थोडं." मी दूध कोमट करून घेतलंही होतं. नवऱ्यानं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, आधी विचार कुणाला तरी. तेवढ्यावर थांबले हे नशीब. गाईचं दूध त्यांना सोसत नाही आणि हातानं पाजताना ते सहज श्वासनलिकेत जातं.

मग फोन. पहिलं कार्यालय तीन दाबायला सांगणारं. दहाव्या खेपेला माणूस भेटला, तो म्हणाला आम्ही फक्त भटकी कुत्री-मांजरं बघतो. मग तीन कशाला दाबायचं, हे मी विचारलं. त्यानं मला होल्डवर टाकलं. प्राण्यांचा निवारा म्हणाला, आम्ही पाळीवच घेतो. जनावरांच्या दवाखान्यात कळलं, की वन्यप्राण्यांवर उपचार करायला वेगळा परवाना लागतो आणि तो त्यांच्याकडे नाही. पण बाई फार प्रेमळ, त्यांनी एक नंबर दिला. लावला. "वन्यप्राण्यांसाठी तीन दाबा."

चार वाजून गेले होते. खरं म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर परवानाधारक रिहॅबिलिटेटरांची, म्हणजे जखमी-पोरक्या वन्यप्राण्यांची देखभाल करणाऱ्यांची यादी होती, जिल्ह्यानुसार. मी ती सगळ्यात शेवटी उघडली. तुम्ही आधी उघडा. तिथल्या एका बाईंच्या व्हॉइसमेलवर रडवेला निरोप ठेवला आणि खळग्यापासून सहा फुटांवर खुर्ची टाकून राखण करत बसले. अंधार पडल्यावर टॉर्चही आणला.

साडेआठला बाईंचा फोन आला. रक्त दिसतंय? माश्यांची अंडी? मांजरानं तोंडात धरलं होतं? अंग गार लागतं? सगळ्याला नाही.

"मग पिल्लं झाका आणि घरात जा."

"बस्स?"

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

सांगितलं. पलीकडे जरा शांतता पसरली. सशीण दिवसभर पिल्लांपाशी थांबतच नाही, म्हणजे शिकाऱ्याला घरट्याचा माग लागत नाही. संध्याकाळी आणि पहाटे येते, काही मिनिटं पाजते, जाते. आणि मी नेमकी संध्याकाळभर टॉर्च घेऊन तिच्या वाटेत बसलेली! माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते, ही धास्तीही त्यांनी काढून टाकली.

त्यांच्या सांगण्यावरून गवतावर आडवे-उभे दोरे ठेवले. आई येऊन गेली की ते विस्कटतात. सकाळी बघते तर दोरे जागच्या जागी. माझे हातपाय गळाले. पुन्हा फोन.

"पोटं कशी आहेत?"

"गोल. टरारलेली."

"मग पाजून गेली की ती!"

दोरे म्हणजे मी लोकर वापरली होती, ती गवतात अडकून बसली होती. दुसऱ्या रात्री बारीक काटक्या ठेवल्या. पहाटे दोन काटक्या बाजूला पडल्या होत्या आणि वरचं गवत मी ठेवलं होतं त्याहून नीट बसवलेलं होतं. पोटं खपाटीला आणि कातडी सुरकुतलेली असती, तर मात्र उचलून बाईंकडे न्यायची होती.

मांजराचा दात लागला असेल तर दोरेबिरे करत बसू नका. टाचणीएवढी जखम असली तरी लगेच न्या, त्यातून होणारा संसर्ग फार लवकर जीव घेतो. हातमोजे घाला, सशांकडून माणसाला टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. मी पहिल्या दिवशी घातले नव्हते. खळगा दुसरीकडे हलवू नका, आईला सापडत नाही.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. डोळे उघडले, कान उभे राहिले, आणि दोन आठवड्यांनी खळगा रिकामा. दोन दिवसांनी त्यातलंच एक कुंपणाशी दिसलं, मुठीत मावेल एवढं. उचलून आणावंसं वाटलं, पण त्या वयात ती आपली आपण जगतात.

त्याच आठवड्यात पहिल्या कार्यालयातून फोन आला. वन्यप्राणी अजून आवारात आहे का, म्हणे.

मोवर अजून गॅरेजमध्येच आहे. सशीण व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, असं बाई म्हणाल्या होत्या. तेव्हा आता आधी हातात काठी घेऊन सगळं गवत पायी फिरून बघायचं, मगच कापायचं.